एकाच वायरीवर इंटरनेट आणि लँडलाइन: घरातला मोडेम नीट बसवताना

लाइनमन ड्रिल घेऊन दारात उभा राहतो आणि विचारतो, "वायर कुठून आत घेऊ?" बहुतेक घरांतून उत्तर येतं, "टीव्हीजवळ." त्याला तेच सोयीचं असतं, कारण रस्त्याकडची भिंत जवळ आणि वायर कमी लागते. पण टीव्ही असतो घराच्या एका टोकाला. मागच्या खोलीत मुलं अभ्यासाला बसतात आणि तिथे वाय-फायची एकच कांडी दिसते. म्हणून लाइनमन येण्याच्या आदल्या दिवशीच मोडेमची जागा ठरवा आणि भिंतीवर पेन्सिलने खूण करून ठेवा.

जागा निवडताना एक गोष्ट ध्यानात घ्या. टेलिफोनची बारीक दोन तारांची वायर स्वस्त असते आणि पंधरा-वीस मीटर ओढली तरी आवाजात फरक पडत नाही. वाय-फायला मात्र प्रत्येक भिंत नडते. म्हणजे मोडेम वाय-फायच्या सोयीने घराच्या मध्यावर बसवायचा आणि फोन वायर ओढून आजी-आजोबा जिथे बसतात तिथे न्यायचा. उलटं करू नका. जुन्या पेठांमधल्या वाड्यांत दीड-दोन फुटी दगडी भिंती असतात. तिथे एका भिंतीपलीकडेच ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय जवळजवळ संपतं. अशा घरात मोडेम दाराच्या चौकटीच्या रेषेत ठेवला तर दारातून तरी सिग्नल पुढे जातो.

दुसरा प्रश्न उन्हाचा. असे बरेच मोडेम ४० अंशांपर्यंतच्या हवेत चालण्यासाठी बनवलेले असतात. सोलापुरात मे महिन्यात बाहेरच पारा ४२-४३ वर जातो आणि पत्र्याच्या घरात छताखाली त्याहून वर. कपाटाच्या माथ्यावर, पत्र्यापासून हातभर अंतरावर ठेवलेला मोडेम दुपारी आपोआप बंद-चालू होऊ लागतो आणि माणसं म्हणतात, "दुपारी नेट स्लो असतं." मोडेम आतल्या भिंतीवर, जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर, उभा लावा. त्यावर क्रोशाचं झाकण घालू नका, सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावरही ठेवू नका.

सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे घरातच किंवा घराला लागून यंत्रमाग चालतात, तिथे आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली म्हणजे सुताचा भुसा. हवेत उडणारा कापूस मोडेमच्या जाळीवर पांढऱ्या फेल्टसारखा बसतो आणि आतली उष्णता बाहेर पडत नाही. पंधरा दिवसांतून एकदा अडॅप्टर काढून कोरड्या रंगाच्या ब्रशने जाळी झाडा. ओलं फडकं लावू नका. दुसरी म्हणजे मागाच्या मोटरीची लाइन. मोटर सुरू होते त्या क्षणी व्होल्टेज खाली बसतं आणि अडॅप्टर जुना झाला असेल तर मोडेम रीस्टार्ट होतो. शक्यतो मोडेमचा बोर्ड मागांच्या लाइनवर नको, घराच्या वेगळ्या लाइनवर असू द्या.

आता वायर कोणती ते ओळखा, कारण पुढची सगळी पद्धत त्यावर अवलंबून आहे. बोटाएवढी नाही पण पेन्सिलीएवढी जाड, गोल, मध्ये तांब्याची एक तार आणि स्क्रूसारखा फिरवायचा कनेक्टर असेल तर ती कोॲक्स, म्हणजे टीव्हीच्या केबलचीच वायर. तिला लागतो केबल मोडेम. काळी, चपटी, बारीक वायर आणि टोकाला हिरवा किंवा निळा चौकोनी कनेक्टर असेल तर फायबर. तिला ओएनटी किंवा ओएनयू लागतो, ज्याला घरात सगळे मोडेमच म्हणतात. नवी जोडणी आता बहुतेक ठिकाणी फायबरचीच मिळते. पण जुनी कोॲक्स असलेली घरं आहेत आणि बिघाड तिथेच जास्त होतात, म्हणून आधी तिच्याबद्दल.

कोॲक्स आणि केबल मोडेम

वायर आरजी-६ हवी. जुन्या टीव्हीची बारीक आरजी-५९ भिंतीत पुरलेली असेल तर मोह टाळा आणि नवी ओढा. घरात वायर शिरते तिथे पहिला स्प्लिटर, म्हणजे एका वायरीच्या अनेक वाटा करणारी डबी, दोन तोंडांचाच लावा. एक तोंड थेट मोडेमला, मध्ये कुठेही जॉइंट नको. दुसऱ्या तोंडावर टीव्ही, आणि आणखी टीव्ही असतील तर त्यापुढे दुसरा स्प्लिटर. दोन तोंडांचा स्प्लिटर सुमारे साडेतीन डेसिबल खातो, म्हणजे निम्म्याहून जास्त सिग्नल तिथेच जातो. चार तोंडांचा सात खातो. एकामागे एक तीन स्प्लिटर लावून शेवटच्या तोंडावर मोडेम बसवला तर तो चालेलही, पण पहिल्या पावसापर्यंतच.

स्प्लिटरवर छापलेले आकडे वाचा. ५ ते १००० मेगाहर्ट्झ असं हवं. मोडेम केबलवाल्याकडे जे परत पाठवतो ते ५ मेगाहर्ट्झपासून सुरू होणाऱ्या खालच्या पट्ट्यातून जातं. ४० पासून सुरू होणारा टीव्हीचा स्वस्त स्प्लिटर तो पट्टाच अडवतो. टीव्हीचं चित्र सुधारायला लावलेल्या जुन्या बूस्टरचंही तेच. बहुतेक बूस्टर एकाच दिशेने काम करतात. टीव्ही छान दिसतो, मोडेम मात्र ऑनलाइन येत नाही, कारण त्याची हाक पलीकडे पोचतच नाही. मोडेमच्या वाटेवर बूस्टर नको. स्प्लिटरचं रिकामं तोंडही उघडं ठेवू नका, त्याला ७५ ओहमचं टर्मिनेटर टोपण लावा.

पिन मारण्याचं, म्हणजे वायरीच्या टोकाला कनेक्टर बसवण्याचं काम घाईत होतं आणि बऱ्याच तक्रारींचं मूळ तिथेच असतं. वायर हातात घेऊन नीट पाहा. बाहेरचं काळं आवरण साधारण १२ मिलिमीटर सोलायचं. त्याखालची जाळी आवरणावर मागे दुमडायची. मग आतलं पांढरं फोम पुढच्या ६ मिलिमीटरवरून काढायचं, म्हणजे तेवढी तांब्याची तार उघडी राहते. कनेक्टर आत सरकवल्यावर पांढरं फोम कनेक्टरच्या आतल्या तळाशी सपाट टेकलं पाहिजे आणि तार तोंडाच्या दोन मिलिमीटर पुढे दिसली पाहिजे. जाळीची केसाएवढी एक तार जरी मधल्या तारेला चिकटली तरी शॉर्ट. म्हणून दाबण्याआधी कनेक्टरच्या तोंडातून उजेडाकडे बघा. कनेक्टर दाबून बसवायचा कॉम्प्रेशनचाच वापरा. हाताने पिळून बसवायचा कनेक्टर सहा महिन्यांत सैल होतो. मोडेमवर आधी हाताने घट्ट करा, मग ११ मिलिमीटरच्या पान्याने फक्त पाव फेरा. जास्त जोर दिला तर मोडेमच्या आतलं सोल्डर तुटतं आणि ते दुरुस्त होत नाही.

बाहेरून येणारी वायर भोकात शिरण्याआधी खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोळाच्या तळाशी टपकेल. झोळ नसेल तर पाणी वायरीवरून थेट भिंतीत आणि कनेक्टरमध्ये जातं. तांब्यावर हिरवा थर चढला की सिग्नल गेलाच समजा. भोक बाहेरच्या बाजूला थोडं उतरतं पाडा आणि सिलिकॉनने बंद करा.

मोडेम चालू केल्यावर दिवे ठरलेल्या क्रमाने लागतात: पॉवर, मग डाउनस्ट्रीम (येणारा सिग्नल), मग अपस्ट्रीम (परत जाणारा सिग्नल), मग ऑनलाइन, आणि शेवटी टेलिफोन. पहिल्यांदा सॉफ्टवेअर अपडेट होत असेल तर अर्धा तासही लागतो, मध्येच बंद करू नका. डाउनस्ट्रीमचा दिवा नुसताच मिचकत राहिला तर सिग्नल येतच नाही किंवा फार कमी येतोय. डाउनस्ट्रीम स्थिर पण अपस्ट्रीम मिचकतोय, तर वर सांगितलेला स्प्लिटर किंवा बूस्टर शोधा. दोन्ही स्थिर पण ऑनलाइन लागत नाही, तर मोडेमचा मॅक नंबर (यंत्राचा ओळख क्रमांक) केबलवाल्याने त्याच्या यंत्रणेत घातलेला नाही. वायर बदलून तिथे काही उपयोग नाही, फोन करून मॅक नंबर वाचून दाखवा.

लॅपटॉप लॅन वायरने जोडून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ हा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाका. बहुतेक केबल मोडेमचं माहितीचं पान इथेच उघडतं. डाउनस्ट्रीम पॉवर उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीच्या दरम्यान असेल तर छान, १५ च्या पलीकडे कोणत्याही बाजूला गेली तर गडबड. सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर ३३ डेसिबलच्या वर हवं. अपस्ट्रीम ३८ ते ४८ च्या मध्ये बरी. ती ५० च्या वर असेल तर मोडेम घसा फाडून ओरडतोय असं समजा आणि मधले जॉइंट कमी करा. हे आकडे वहीत लिहून ठेवा. तक्रार करताना "नेट स्लो आहे" यापेक्षा "अपस्ट्रीम ५२ आहे" असं सांगितलं की काम लवकर होतं.

फायबर असेल तर

फायबरला ना स्प्लिटर जोडायचा, ना पिन मारायची, पण वाकवणं जपायचं. कोपऱ्यात काटकोनात दाबून खिळा-क्लिप ठोकली की काच चिरडते. वळण चहाच्या कपाच्या तोंडाएवढं गोल ठेवा आणि उरलेली वायर वेटोळं करून डबीत बसवा. हिरवा कनेक्टर हिरव्यातच, निळा निळ्यातच. हिरव्याचं टोक आठ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं. उलटसुलट लावले तर मध्ये हवेची फट राहते आणि प्रकाश वाया जातो. उघड्या टोकाला बोट लावू नका आणि डोळ्यासमोर धरून आत बघू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण असतो.

ओएनटीवर लॉस नावाचा लाल दिवा लागला तर प्रकाश पोचत नाही. आधी घरातलं वळण आणि कनेक्टर तपासा, मग बाहेर बघा. पॉन दिवा हिरवा मिचकत राहिला तर प्रकाश आहे पण नोंदणी झालेली नाही, म्हणजे ओएनटीचा सीरियल नंबर केबलवाल्याकडे भरायचा राहिलाय. ओएनटीच्या पानावर, बहुधा १९२.१६८.१.१ या पत्त्यावर, येणाऱ्या प्रकाशाची पॉवर दिसते. उणे १५ ते उणे २४ डीबीएम असेल तर निवांत. उणे २७ च्या खाली गेली तर जोडणी तुटत-जुळत राहते. आकडा तीनने खाली गेला म्हणजे प्रकाश निम्मा झाला. बसवल्या दिवशी उणे २० होता आणि आज उणे २५ आहे, तर मध्ये कुठेतरी वायर दबलीये किंवा जॉइंट खराब झालाय, आणि "नेट चालू आहे ना" म्हणून लाइनमनने टाळलं तरी तो जॉइंट करून घ्या.

टेलिफोन जोडणं

मोडेमच्या मागे टेल किंवा फोन लिहिलेलं छोटं तोंड असतं, लॅनच्या तोंडापेक्षा अरुंद. साध्या फोनची वायर थेट त्यात. टेलिफोनचा दिवा स्थिर असेल आणि रिसिव्हर उचलल्यावर टोन आला तर काम झालं.

घोळ होतो तो जुन्या वायरिंगमध्ये. पूर्वीच्या लँडलाइनची वायर भिंतीतून तीन खोल्यांत फिरलेली असते आणि तीच वापरावीशी वाटते. वापरता येते, पण आधी बाहेरून येणारी एक्सचेंजची जोडी डबीतून काढून टोकं वेगवेगळी टेप करा. जुन्या लाइनवर ४८ व्होल्ट सतत असतात आणि रिंग वाजताना त्याहून बरेच जास्त. ती लाइन जिवंत असताना मोडेमचं तोंड तिला जोडलं तर ते तोंड जळतं, आणि इंटरनेट चालत राहिल्यामुळे कळायलाही वेळ लागतो. बाहेरची जोडी सोडवल्यावर मोडेमच्या टेल तोंडातून एक वायर जवळच्या जुन्या सॉकेटला द्या. घरातले सगळे सॉकेट जिवंत होतात. एकावेळी दोन-तीन फोनच लावा. मोडेमची घंटा वाजवायची ताकद मर्यादित असते, आणि जुने खरी घंटा असलेले फोन ती एकटेच खातात. आकडे फिरवायचा गोल डायलचा फोन बऱ्याच मोडेमवर नंबर लावू शकत नाही, येणारा कॉल मात्र घेतो. मागांच्या खडखडाटात रिंग ऐकू येत नसेल तर जुन्या सॉकेटवर दिवा लागणारा किंवा मोठ्या आवाजाचा वेगळा रिंगर जोडता येतो.

नंबर लावताना: १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावं लागतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे सांगून ठेवा, कारण "फोन लागत नाही" या तक्रारीचं हेही एक कारण असतं. बाहेरगावच्या माणसाला आपला नंबर देताना ०२१७ या सोलापूरच्या एसटीडी कोडसह द्या. मोबाइलवरून ०२१७ न लावता नंबर लागत नाही.

टोन येतो, नंबर लागतो, पण पलीकडचा आवाज येत नाही किंवा आपला जात नाही, असं झालं तर बहुधा मध्ये तुमचा स्वतःचा राउटर आहे आणि त्यात एसआयपी एएलजी (इंटरनेटवरून जाणाऱ्या कॉलमध्ये हात घालणारी राउटरची सोय) चालू आहे. ते बंद करा. आवाज तुटत असेल तर स्पीड कमी आहे असं लगेच समजू नका. एका कॉलला दोन्ही दिशांना प्रत्येकी १०० किलोबिटही लागत नाहीत. आवाज तुटतो तो डेटाची पाकिटं हरवल्याने किंवा उशिरा आल्याने. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग किंवा मोबाइलच्या फोटोंचा बॅकअप वर चढत असेल तर अपलोडची वाट भरून जाते आणि आवाज अडकतो. बॅकअप रात्रीवर टाका, किंवा राउटरमध्ये फोनला प्राधान्य द्या. तरीही तुटत असेल तर लॅन वायरने जोडलेल्या लॅपटॉपवरून शंभर पिंग, म्हणजे चाचणीची छोटी पाकिटं, सोडा. तीन-चार जरी हरवले तरी दोष लाइनमध्ये आहे आणि वरचे पॉवरचे आकडे पुन्हा बघायला हवेत.

राउटर आणि लॅन

मोडेममध्येच वाय-फाय असेल तर दुसरा राउटर सहसा लागत नाही. लावायचाच असेल तर दोन्ही यंत्रांना राउटरगिरी करू देऊ नका, एकाला ब्रिज करा, म्हणजे ते नुसता सिग्नल पुढे देईल. पीपीपीओईचं (जोडणीच्या लॉगिनचं) युजरनेम आणि पासवर्ड केबलवाल्याकडून कागदावर घ्या. रीसेट झाल्यावर रात्री नऊ वाजता तो माणूस फोन उचलत नाही. २.४ गिगाहर्ट्झला चॅनल १, ६ किंवा ११ पैकीच ठेवा. दुकानाचा किंवा कारखान्याचा कॅमेरा बाहेरून बघायचा असेल तर आधी विचारा की पब्लिक आयपी मिळतो का. अनेक जोडण्यांत शेकडो ग्राहक एकाच पत्त्यामागे असतात आणि मग राउटरमध्ये पोर्ट कितीही उघडले तरी कॅमेरा दिसत नाही.

स्पीड कायम ९४-९५ एमबीपीएसवर अडकत असेल आणि प्लॅन २०० चा असेल, तर लॅन वायर बघा. आठपैकी चारच तारा जुळल्या असतील तर जोडणी १०० वर येते. क्रम असा: पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना सारखाच.

लाइट गेल्यावर

जुना लँडलाइन फोन लाइट गेल्यावरही चालायचा, कारण त्याला वीज एक्सचेंजकडून यायची. मोडेमवरचा फोन चालत नाही. घरात हृदयरोगी किंवा एकटी राहणारी म्हातारी माणसं असतील तर ११२ ला फोन लावायची वेळ नेमकी अंधारातच येऊ शकते, म्हणून बॅकअपशिवाय हे काम पूर्ण झालं असं आम्ही मानत नाही. इन्व्हर्टर असेल तर मोडेमचा बोर्ड त्यावर घ्या. नसेल तर राउटरचा मिनी यूपीएस सोलापूरच्या नवी पेठेत मिळतो. घेताना मोडेमच्या अडॅप्टरवरचं व्होल्टेज वाचा, बहुधा १२ असतं, आणि पिन हातात घेऊन मोडेमला बसते का ते दुकानातच बघा. मोडेम आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही बॅकअप लागतो.

कोॲक्सवाल्यांनी मात्र एक गोष्ट विचारून घ्यावी. वाटेत खांबावरच्या ॲम्प्लिफायरला वीज लागते. त्या भागात लाइट गेली आणि केबलवाल्याची बॅटरी नसेल तर तुमचा मोडेम चालू राहूनही मुका. फायबरमध्ये खांबावरच्या स्प्लिटरला वीजच लागत नाही, त्यामुळे केबलवाल्याच्या ऑफिसात बॅकअप असला तर तुमचा फोन चालतो.

वळवाच्या पावसात गडगडाट सुरू झाला की अडॅप्टर काढा आणि कोॲक्सही मोडेमवरून सोडवा. नुसता अडॅप्टर काढून भागत नाही, आकाशातली वीज बाहेरून आलेल्या वायरीतूनही येते. फायबरची काच सुरक्षित, पण चपट्या वायरीच्या कडेला स्टीलची तार असेल तर ती भिंतीबाहेरच कापून थांबवा. गच्चीवरून शेजारच्या दुकानापर्यंत ओढलेली लॅन वायर तर वादळात आधी काढायची. स्पाइक गार्डवर विसंबण्याआधी बोर्डाच्या तिसऱ्या भोकात खरंच अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासा. नसेल तर तो नुसता एक्स्टेन्शन बोर्ड आहे. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या मिरवणूक मार्गावर घर असेल तर नंदीध्वज जाण्याआधी आपली वायर रस्त्यावर लोंबत नाही ना ते बघा. ती उंच करून घ्यायची असेल तर केबलवाल्याला आठवडाभर आधी सांगा, ऐनवेळी कापलेली वायर जोडायला सणात कोणी येत नाही.

सगळं बसवून झाल्यावर एका संध्याकाळी घराचा मेन स्विच बंद करा. रिसिव्हर उचला, टोन येतो का ऐका, घरच्या कुणाच्या मोबाइलला शून्य लावून फोन करा, आणि बॅटरी किती वेळ टिकते ते घड्याळ लावून मोजा. तो वेळ मोडेमवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा, आणि दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला पुन्हा मोजा, कारण उष्णतेने बॅटरी वर्षागणिक बसते.